मेंढपाळांची शिदोरी : महिनोन्‌महिने टिकणारी कारासाऊ रोटी

हातात घेतली तर पापडासारखी हलकी, उजेडासमोर धरली तर पलीकडचा उजेड दिसेल इतकी पातळ, आणि मोडली की सुकलेल्या पानांवर पाय पडावा तसा आवाज. इटलीच्या सार्डिनिया बेटावरची ही रोटी. तिचे नाव पाने कारासाऊ. इटालियन भाषेत 'पाने' म्हणजे पाव. मराठी माणसाला हा शब्द ऐकून झाडाची पाने आठवली, तरी काही बिघडत नाही, कारण ही रोटी तशी दिसतेच. शिवाय आपला 'पाव' आणि त्यांचे 'पाने' हे एकाच घरचे शब्द आहेत. आपल्याकडे तो पोर्तुगीजांबरोबर आला, त्यांना थेट लॅटिनमधून मिळाला.

मुख्य भूमीवरच्या इटालियन लोकांनी या रोटीला आणखी एक नाव दिले आहे, 'कार्ता दा म्युझिका', म्हणजे संगीताचा कागद. कोणी म्हणतात, स्वरलिपी लिहायच्या जुन्या चर्मपत्रासारखी ती दिसते म्हणून. कोणी म्हणतात, खाताना होणाऱ्या कुरकुर आवाजामुळे. नाव सुंदर आहे, पण ते पाहुण्यांनी दिलेले. घरच्यांनी दिलेले नाव साधे आणि कामाचे आहे. सार्डिनियन भाषेत 'कारासारे' म्हणजे पुन्हा भाजणे, भाजून कडक करणे. कारासाऊ म्हणजे दुसऱ्यांदा भाजलेली. ही रोटी का टिकते, याचे उत्तर तिच्या नावातच आहे. ती इतकी टिकावी अशी गरज कोणाला पडली, हे समजायला मात्र त्या बेटावरच्या डोंगरात जावे लागते.

गहू खाली, मेंढ्या वर

सार्डिनिया हे भूमध्य समुद्रातले सिसिलीनंतरचे सर्वांत मोठे बेट. क्षेत्रफळ सुमारे २४ हजार चौरस किलोमीटर. माणसे सोळा लाखांच्या आसपास आणि मेंढ्या जवळजवळ तीस लाख. इटलीतल्या एकूण मेंढ्यांत या एका बेटाचा वाटा फार मोठा आहे. बेटाच्या मधोमध जेन्नार्जेन्तूचा डोंगराळ पट्टा आहे. त्याचे सर्वांत उंच शिखर १८३४ मीटर. आपल्या कळसूबाईपेक्षा थोडेसेच उंच, पण तिथे हिवाळ्यात बर्फ पडतो. या डोंगरांच्या कुशीतल्या मुलखाला बार्बाजा म्हणतात. हे नाव रोमन लोकांनी दिले, आणि त्याचा अर्थ रानटी लोकांचा प्रदेश असा होता. मेंढीचे कातडे अंगावर घेणाऱ्या इथल्या डोंगरी लोकांची सिसरोसारख्या वक्त्यानेही टर उडवली होती. इथले लोक ते नाव आज अभिमानाने मिरवतात.

रोमनांना या बेटात रस होता तो गव्हासाठी. दक्षिणेकडचे कॅम्पिदानोचे सपाट मैदान म्हणजे रोमच्या धान्यकोठारांपैकी एक. तिथे पिकतो तो कठीण दाण्याचा, पिवळसर गहू. त्यापासून रवा चांगला निघतो. डोंगरात मात्र गहू फारसा येत नाही. तिथे गवत, ओकची जंगले आणि मेंढ्या. त्यामुळे शतकानुशतके देवघेव चालली. डोंगरातले चीज, लोकर आणि चेस्टनट खाली जायचे, खालचे धान्य वर यायचे. कारासाऊ जन्माला आली ती या दोन मुलखांच्या मधोमध. पीठ मैदानातले, ओकची लाकडे डोंगरातली, आणि खाणारा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी वाटेवर.

कारण डोंगरातल्या मेंढपाळाचे वर्ष दोन भागांत विभागलेले असे. नोव्हेंबरच्या सुमाराला थंडी वाढली की कळप घेऊन तो खाली उतरायचा, मैदानात किंवा समुद्रकिनाऱ्याजवळच्या कुरणांत. मे महिन्याच्या आसपास परत. या ये-जा करण्याला तिथे 'सा त्रामुदा' म्हणतात. मेंढ्यांच्या चालीने कित्येक दिवसांची ती पायपीट, आणि त्यानंतर पाच-सहा महिने परक्याच्या भाड्याच्या कुरणात मुक्काम. युरोपातल्या या ऋतूनुसारच्या स्थलांतराची नोंद युनेस्कोने २०१९ साली मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत केली. त्या वेळी इटली, ऑस्ट्रिया आणि ग्रीस हे तीन देश त्यात होते. २०२३ मध्ये ही यादी दहा देशांपर्यंत गेली.

आता हे वाचून महाराष्ट्रातल्या वाचकाला धनगरांचे वाडे आठवणारच. दिवाळीनंतर माणदेशातून, साताऱ्या-सांगलीच्या कोरड्या पट्ट्यातून घाट उतरून कोकणात जाणारे आणि पावसाआधी परतणारे कळप आपण पाहिलेले असतात. मग आपल्या धनगरांनी अशी महिनोन्‌महिने टिकणारी रोटी का केली नाही? याचे उत्तर घोड्यावर असते. धनगरांचा वाडा निघतो तेव्हा बायका, लेकरे, कोंबड्या, भांडी सगळे घोड्यावर लादून बरोबर निघते. मुक्कामाला तीन दगडांची चूल मांडली की ताजी भाकरी तयार. सार्डिनियात पुरुष एकटा निघायचा. बायको, आई, मुली गावातच राहायच्या. चूल घरात आणि खाणारा सहा महिने बाहेर, तेव्हा रोटीलाच टिकाऊ व्हावे लागले.

म्हणून या रोटीला सगळे जण 'मेंढपाळांची रोटी' म्हणतात, तेव्हा मला ते अर्धेच खरे वाटते. खाल्ली मेंढपाळांनी. केली बायकांनी, आणि तीही एकटीने करता येण्यासारखी गोष्ट नव्हती.

भाजणीचा दिवस

घरोघरी पंधरा दिवसांतून किंवा महिन्यातून एकदा हा दिवस यायचा. पण त्याची तयारी कितीतरी आधी सुरू होई. गहू निवडायचा, धुवायचा, वाळवायचा, मग दळायचा. घरातल्या दगडी जात्याला गाढव जुंपलेले असायचे. ते गोल गोल फिरत राहायचे. सार्डिनियन भाषेत गाढवाला 'मोलेंते' म्हणतात, म्हणजे दळणारा. प्राण्याचे नाव त्याच्या कामावरून पडावे, एवढे दळण त्या घरांत होत असे. मग वेगवेगळ्या चाळण्यांतून चाळणे. जाड रवा वेगळा, बारीक रवा वेगळा, पीठ वेगळे, कोंडा वेगळा. कोंडा जनावरांना. एकाच गव्हाचे असे भाग पाडून प्रत्येकाचा वेगळा उपयोग करायची त्यांची रीत आपल्या आजीच्या घरच्यासारखीच.

आदल्या संध्याकाळी आंबवण जागे करायचे. मागच्या भाजणीच्या वेळी बाजूला ठेवलेला कणकेचा गोळा, म्हणजे आपल्या विरजणासारखेच. त्याला तिथे 'माद्रिघे' असे म्हणतात. आई या अर्थाच्या मूळ शब्दापासून ते नाव आले आहे. ज्या घरचे आंबवण बिघडले, तिथली मुलगी शेजारी वाटी घेऊन जायची आणि आपल्या घरी कणीक आंबली की तेवढेच परत करायची.

मध्यरात्र उलटली की काम सुरू. रवा, पाणी, मीठ आणि आंबवण, बाकी काही नाही. मळणी मात्र खरी कसोटीची. रव्याची कणीक मुठींनी दाबत, दुमडत, पुन्हा दाबत तास-दीड तास मळायची. ती मऊ आणि लवचीक झाली नाही, तर पुढे रोटी फुगायची नाही. मग गोळे करून ते फुगायला ठेवायचे. गोळ्यांवर क्रॉस काढून प्रार्थना पुटपुटायची पद्धत होती. भट्टीचा दिवस नीट पार पडावा, ही इच्छा कुठल्याही धर्माच्या बाईची सारखीच असते.

पहाटेपर्यंत शेजारणी, नात्यातल्या बायका जमायच्या. निदान तिघी तरी लागतात. एक लाटणारी, एक भट्टीपाशी बसणारी, एक फुगलेली रोटी कापणारी. आज मी तुझ्याकडे, पुढच्या आठवड्यात तू माझ्याकडे. आपल्या खेड्यांत शेतीच्या कामासाठी सावड किंवा इर्जिक असते, तसेच हे. तिथे त्याला 'परत केलेली मदत' या अर्थाचे नाव आहे. पैसे कोणी कोणाला देत नसे. जाताना थोड्या रोट्या पदरात पडायच्या.

लाटणारीचे काम पाहण्यासारखे. गोळा आधी हाताने थापायचा, मग लांब लाटण्याने इतका पातळ करायचा की त्याखालचे लाकूड जाणवावे. मोठी रोटी चाळीस सेंटिमीटरपर्यंतही असायची, म्हणजे आपल्या मोठ्या परातीएवढी. अशा लाटलेल्या चकत्या लांबच लांब कापडाच्या घड्यांत एकावर एक ठेवायच्या. एक चकती, एक कापडाची घडी, पुन्हा चकती. हे कापड घरातच विणलेले आणि याच कामासाठी राखून ठेवलेले असे.

तोवर भट्टी तापलेली असते. घुमटाच्या आकाराची दगडी भट्टी, आत ओकची लाकडे. तापमान साडेचारशे-पाचशे अंशांपर्यंत जाते. आपल्या घरातला ओव्हन अडीचशेपर्यंत जातो, यावरून कल्पना करा. निखारे कडेला सारून, तळ झाडून, लांब दांड्याच्या फावड्यावरून चकती आत सरकवायची. काही क्षणांतच ती चेंडूसारखी टम्म फुगते. भट्टीपाशी बसलेली बाई तोंडावर धग घेत तिला वळवते, दाबते आणि बाहेर काढते. तिचे चेहऱ्यावर बांधलेले फडके आणि लालबुंद गाल ही बार्बाजातल्या कोणत्याही म्हाताऱ्या माणसाची लहानपणची आठवण असेल.

आणि आता या कामातला सर्वांत नाजूक क्षण. फुगलेली रोटी वाफेने भरलेली असतानाच कापणारीने सुरी घेऊन तिच्या कडेने गोल फिरवायची आणि एका रोटीच्या दोन चकत्या करायच्या. उशीर झाला तर रोटी बसते, थर चिकटतात. घाई केली तर वाफ हातावर येते. वेगळ्या केलेल्या प्रत्येक चकतीची बाहेरची बाजू गुळगुळीत, आतली खडबडीत. त्या एकावर एक रचून वर वजन ठेवायचे, म्हणजे त्या वाकड्या होत नाहीत.

इथपर्यंत दुपार उजाडलेली असते आणि रोटी तयार झाल्यासारखी वाटते. पण ती अजून मऊ आहे. ही मऊ रोटी त्या दिवशी घरात खाल्ली जायची. मुलांना तीच आवडायची, कारण ती गरम आणि ताजी. टिकणारी रोटी हवी तर दुसरी फेरी लागते. भट्टीची धग थोडी उतरली की एकेक चकती पुन्हा आत जाते आणि क्षणभरात सोनेरी, कडक होऊन बाहेर येते. हेच ते 'कारासारे'. मग चळत रचायची. चळत जितकी उंच, तितके दिवस भट्टी पेटवायची गरज नाही.

वित्तोरियो दे सेता या दिग्दर्शकाने १९५८ साली 'उन जोर्नो इन बार्बाजा', म्हणजे 'बार्बाजातला एक दिवस', नावाचा छोटासा माहितीपट केला. पुरुष कळपांबरोबर दूर गेलेले असताना गावातल्या बायकांचा दिवस कसा जातो, ते त्यात दिसते. लाकडे आणणे, पोरे सांभाळणे, रोटी भाजणे. दे सेताने मेंढपाळांवरही चित्रपट केले आणि त्यांची चर्चा जास्त झाली. मला विचाराल तर आधी हा बघावा.

पिशवीतली रोटी

मेंढपाळाच्या पाठीवर चामड्याची पिशवी असे, 'तास्केद्दा'. तिच्यात कारासाऊच्या चकत्या, चीज, कधी कांदा, कधी खारवलेल्या मांसाचा तुकडा. रोटी मोडली तरी बिघडत नाही. चुरा झाला तर दुधात किंवा गरम रश्शात टाकून खायचा. अख्खी राहिली तर तिचीच ताटली करायची, वर चीज किंवा भाजलेले मांस ठेवायचे आणि शेवटी ताटलीही खाऊन टाकायची. पाण्याचा शिपका मारला की दोन मिनिटांत ती मऊ होते आणि गुंडाळता येते. भांडी घासायला पाणी नसलेल्या माणसासाठी याहून सोयीचे काय असणार!

त्या जगण्यात मात्र रम्य असे फारसे काही नव्हते. सिलिगो या सार्डिनियातल्या गावच्या गाविनो लेद्दाला त्याच्या वडिलांनी सहाव्या वर्षी शाळेतून काढले आणि मेंढ्यांमागे रानात नेले. विशीपर्यंत तो जवळजवळ निरक्षर होता. पुढे सैन्यात गेल्यावर शिकला आणि भाषाशास्त्राचा अभ्यासक झाला. 'पाद्रे पाद्रोने' हे त्याचे आत्मकथन १९७५ साली आले. तावियानी बंधूंनी त्यावर केलेल्या चित्रपटाला १९७७ मध्ये कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला. मेंढपाळाच्या पोराचा एकटेपणा म्हणजे काय, हे जाणून घ्यायचे असेल तर त्याकडे वळावे.

आणि गव्हाची कारासाऊ सगळ्यांच्या पिशवीत नसायची, हेही सांगायला हवे. डोंगरात गहू महाग. गरिबाघरी जवाची रोटी भाजली जायची. ती जाड, काळपट आणि लाटायला त्रासाची, कारण जवाच्या पिठाला चिकटपणा कमी. आपल्याकडे भाकरी रोजची आणि गव्हाची पोळी सणाची असा काळ फार जुना नाही, तसेच ते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बार्बाजात जवाची रोटी नेहमीची होती. आज पर्यटकांपुढे येते ती गव्हाची, पांढरी, पातळ. जवाच्या रोटीचे फोटो कोणी काढत नाही.

१८२० साली तिथल्या राजाने काढलेल्या एका फर्मानाने सामायिक कुरणांना कुंपणे पडू लागली. ज्यांच्याकडे भिंती बांधायला पैसा होता, त्यांची जमीन झाली. मेंढपाळांना कुरणासाठी भाडे भरावे लागू लागले आणि ती चीड अनेक वर्षे धुमसत राहिली. १८६८ मध्ये नुओरो शहरात लोक रस्त्यावर आले. 'पूर्वीसारखे होऊ द्या' अशा अर्थाची त्यांची मागणी होती. हा इतिहास रोटीच्या पाकिटावर छापलेला नसतो, पण मेंढपाळाला घरापासून इतके दूर आणि इतके दिवस का राहावे लागे, त्यात याचाही वाटा आहे.

टिकते कशी?

याचे शास्त्र अगदी घरगुती आहे. अन्नाला बुरशी लागते ती ओलाव्यामुळे. पहिल्या भाजणीत रोटीतल्या पाण्याची वाफ होते आणि ती दोन थर एकमेकांपासून दूर ढकलते. आपला फुलका फुगतो तो नेमका याच कारणाने. फुलका आपण तसाच तूप लावून खातो. सार्डिनियातल्या बायका तो सोलून दोन पापुद्रे करतात. पापुद्रा वेगळा झाला की त्याची जाडी निम्मी होते आणि आतली ओली बाजू उघडी पडते. दुसऱ्या भाजणीत उरलेला ओलावा उडून जातो. त्यात तेल नाही, तूप नाही, म्हणून खवट होण्याचीही भीती नाही. कोरड्या जागी ठेवली तर ती कित्येक महिने चांगली राहते.

सोलापूरची कडक भाकरी आणि गुजरातचा खाकरा याच वाटेने टिकतात. आर्मेनियात लवाश वाळवून ठेवतात आणि लागेल तेव्हा पाणी शिंपडून मऊ करतात. पाणी काढले की अन्न टिकते, हे जगभरच्या स्वयंपाकघरांनी आपापले शोधून काढले. पण एका रोटीच्या दोन करण्याची सार्डिनियन युक्ती मला यात सर्वांत देखणी वाटते.

अलीकडे या रोटीला दीर्घायुष्याशी जोडले जाते. २००४ साली जान्नी पेस, मिशेल पुलेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सार्डिनियाच्या डोंगराळ भागात शंभरी गाठलेल्या माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे शतायुषी पुरुषांचे प्रमाण लक्षणीय निघाले. 'ब्लू झोन' हा आज सगळीकडे ऐकू येणारा शब्द तिथूनच आला. पाठोपाठ कारासाऊची पाकिटे 'शतायुषींची रोटी' म्हणून विकली जाऊ लागली. यावर फार विश्वास ठेवू नये. रवा, पाणी आणि मीठ यांत जादू नाही. ती माणसे आयुष्यभर डोंगर चढत-उतरत होती, हे विसरून नुसती रोटी चावत बसले तर दात तेवढे मजबूत होतील.

गाव रिकामे, पाकिटे भरलेली

१९६०-७० च्या दशकांत चित्र बदलले. मैदानातली माणसे कारखान्यांकडे, परदेशांकडे निघून गेली आणि बार्बाजातल्या मेंढपाळांना खालीच जमिनी मिळू लागल्या. कळप ट्रकमधून जाऊ लागले. सकाळी कुरणावर जाऊन संध्याकाळी गाडीने घरी येता येऊ लागले. सहा महिने टिकणाऱ्या रोटीची गरज ज्याच्यासाठी होती, तो माणूस रात्री घरी जेवायला हजर!

तरी रोटी संपली नाही. उलट ती आज पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त बनते. बेटावर लहान-मोठ्या भट्ट्या आहेत, लाटायला आणि कापायला यंत्रे आहेत, आणि पाकिटे इटलीभर व परदेशांतही जातात. टिकाऊपणा मेंढपाळासाठी होता, तो दुकानाच्या फळीला उपयोगी पडला. मात्र घरातली भट्टी विझली. पुन्हा ती पहाट, तो धूर, ती तास-दीड तासाची मळणी हवी असे कोणती सून म्हणेल? जुन्या दिवसांबद्दल हळहळणाऱ्यांत स्वतः भट्टीपाशी बसलेल्या बायका कमीच सापडतील. त्यांच्या मनगटांना विचारा. भट्टीभोवती तिघी-चौघींचे एकत्र बसणे मात्र पाकिटात घालता आले नाही.

मेंढपाळांचे म्हणाल तर २०१९ च्या फेब्रुवारीत त्यांनी सार्डिनियाच्या रस्त्यांवर दुधाचे कॅनच्या कॅन ओतले. मेंढीच्या दुधाला लिटरमागे ६० सेंटच्या आसपास भाव मिळत होता. त्यातून खर्चही निघत नव्हता. त्यांची मागणी एक युरोची होती. आपल्याकडच्या दूध आंदोलनांची दृश्ये पाहिलेल्यांना ते काही परके वाटले नसते. पेकोरिनो रोमानो नावाच्या प्रसिद्ध चीजच्या नावात रोम आहे, पण ते बहुतांश बनते सार्डिनियात, याच मेंढ्यांच्या दुधापासून.

गावेही आटत चालली आहेत. बार्बाजातल्या ओल्लोलाई गावाने २०१८ मध्ये पडकी घरे एकेक युरोला विकायला काढली, घेणाऱ्याने ती दुरुस्त करून वापरावीत या अटीवर. बातमी जगभर गाजली. शरद ऋतूत बार्बाजातली गावे एकेका शनिवार-रविवारी आपली जुनी अंगणे पाहुण्यांसाठी उघडतात. तेव्हा जुन्या भट्ट्या पुन्हा पेटतात, वयस्क बायका डोक्याला रुमाल बांधून बसतात, रोटी टम्म फुगते आणि भोवती मोबाइल उंचावतात. यातून गावात चार पैसे येतात. काही ठिकाणी एखादी नात आजीशेजारी बसून सुरी फिरवायला शिकते. पाहुण्यांपेक्षा ती महत्त्वाची.

ताटात आणि आपल्या घरी

कारासाऊचे दोन प्रकार सगळीकडे मिळतात. 'गुत्तियाऊ' म्हणजे थेंब टाकलेली. रोटीवर ऑलिव्ह तेलाचे थेंब आणि मीठ घालून ती क्षणभर गरम करायची. चहाबरोबरही चांगली लागते. दुसरा 'फ्रात्ताऊ', हे पोटभर जेवण. रोटी खारट गरम पाण्यात किंवा रश्शात क्षणभर बुडवायची, ताटात पसरायची, वर टोमॅटोचा दाट रस्सा, किसलेले चीज, पुन्हा रोटी, पुन्हा रस्सा, आणि सर्वांत वर पाण्यात शिजवलेले अंडे. अंडे न खाणाऱ्यांनी ते वगळावे. शिळ्या पोळीची फोडणीची पोळी करणाऱ्यांना ही कल्पना लगेच पटेल.

घरी करून पाहायची असेल तर इटालियन पीठ शोधत बसू नका. महाराष्ट्र-कर्नाटकात मिळणारा बन्सी रवा त्याच कठीण गव्हाच्या जातीचा आहे. तो मिक्सरमधून अगदी बारीक करून घ्या. दोन वाट्या रव्याला अर्धा चमचा मीठ, पाव चमचा कोरडे यीस्ट आणि लागेल तसे कोमट पाणी. फुलक्याच्या कणकेपेक्षा किंचित घट्ट मळा आणि निदान पंधरा मिनिटे मळत राहा. झाकून दोन तास ठेवा. लिंबाएवढे गोळे करून जमेल तितके पातळ, पण सगळीकडे सारखे लाटा. कुठे जाड, कुठे पातळ झाले तर फुगणार नाही. फुलक्यासारखे तव्यावर दोन्ही बाजूंनी थोडे भाजून आचेवर फुगवा. डाग पडू देऊ नका. फुगल्याबरोबर ताटात घेऊन कात्रीने कडेने कापा. सुरीपेक्षा कात्री बरी, आणि वाफेपासून बोटे जपा. दोन्ही पापुद्रे वेगळे करून ताटाखाली दाबून ठेवा.

सगळे झाले की ओव्हन १६० अंशांवर तापवून एकेक पापुद्रा पाच-सात मिनिटे, कडक आणि फिकट सोनेरी होईपर्यंत भाजा. ओव्हन नसेल तर मंद आचेवरच्या तव्यावर खाकऱ्यासारखा फडक्याने दाबत भाजला तरी चालतो. पहिल्या दोन-तीन रोट्या फाटतील, त्या लगेच मुलांच्या हातात द्या. उरलेल्या पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. घरी केलेली महिनोन्‌महिने ठेवायच्या फंदात मात्र पडू नका. आपल्या तव्याला त्या भट्टीची धग नसते. मुंबई-कोलकात्याच्या दमट हवेत तर दोन-तीन आठवड्यांत संपवा, आणि मऊ पडल्या तर खाण्याआधी पुन्हा एकदा तव्यावर भाजून घ्या.